सुतक किती दिवसांचं?

पंचवटी, नाशिक
रविवार, २४ जानेवारी १९९९

चि. श्रेयस,

आशीर्वाद आहेतच, तुला नको असले तरी.

परवा तू तेराव्याचं पान अर्धवट टाकून उठलास आणि चंद्रपूरची गाडी धरलीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. 'तू इथे असतास तर तृप्ती वाचली असती,' हे मी भर पंगतीत बोलायला नको होतं. बोललो. तू नोकरीपायी तिकडे आणि तुझी बायको-मुलगी आमच्याकडे, ही व्यवस्था तुझी हौस नव्हती हे मलाही कळतं. पण माणूस दमला की तोंडावर ताबा राहत नाही, आणि मी फार दमलो आहे. डॉक्टर घाई नको म्हणाले, म्हणून आपण थांबलो. पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. हा विषय इथे संपवू.

आज लिहितोय ते इरासाठी. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, तेरावं झाल्याशिवाय आपल्याकडे देव पूजेला घेत नाहीत. काल सकाळी मी देव काढले. धूळ बसली होती. ताम्हनात बाळकृष्ण ठेवून पळीभर पाणी घातलं, तोच मागून आवाज आला.

"आबा, संपली त्याची शिक्षा?"

मी म्हटलं, कुणाची?

"देवाची. आईला नेलं म्हणून तू त्याला आंघोळ नाही घातलीस, फुलं नाही, नैवेद्य नाही. तेराच दिवस?"

श्रेयस, चाळीस वर्षं मी लोकांना सुतकाचे दिवस सांगतोय. फोन वाजतो तेव्हा ही पोर तिथेच खाली पाटी-वही घेऊन बसलेली असते. 'चुलते ना? दहा दिवस.' 'लग्न झालेली लेक? तीन दिवस.' हे ऐकून ऐकून तिने असा अर्थ लावलाय की घरातलं माणूस गेलं की लोक देवाला वाळीत टाकतात, आणि किती दिवस टाकायचं ते तिचा आबा ठरवतो. नऊ वर्षांच्या डोक्यात हे बसलं, आणि बसलं ते इतकं नीट की मला क्षणभर त्यात चूकच सापडेना.

"देवळ्याच्या रावजींची मुलगी गेली तेव्हा तू तीनच दिवस सांगितलेस," म्हणाली. "ते रडत होते. 'लेक व्हती हो काका, तीनच दिस?' असं म्हणत होते. मला इथपर्यंत ऐकू येत होतं."

रावजी आपले जुने यजमान, कांद्याची गाडी घेऊन नाशकाला आले की पाया पडायला येणारे. त्यांना मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवेना. इराला म्हटलं, दात घास, शनिवारची सकाळची शाळा आहे. तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरीचं काय चुकलं?" आणि मेथी निवडत बसली.

दर रविवारी दहाला तू इराला फोन करतोस. आज मी उचलला तर ठेवून दिलास. यापुढे तीच उचलेल.

तुझा,
आबा

---

पंचवटी
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९९

चि. श्रेयस,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल सकाळी देव्हाऱ्यात बाळकृष्ण नव्हता. मी ताम्हन पाहिलं, निर्माल्याची परडी उपसली, तुझ्या आईने मोरीची जाळी काढली. मग तिनेच इराचं दप्तर उघडलं. कंपासपेटीत, खोडरबर आणि पेन्सिलीच्या मध्ये, तुझ्या पणजोबांच्या वेळचा बाळकृष्ण पालथा पडला होता. सोबत चिठ्ठी होती. चौथीतल्या अक्षरात लिहिलं होतं: 'एक वर्ष. मधे सुट्टी नाही.'

तुझी आई हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. मला मात्र राग आला. दुसऱ्या घरचं पोर असतं तर मीही हसलो असतो. पण लोक ज्याला शास्त्र विचारतात त्याच्या घरात देव कंपासपेटीत. मी तिला समोर बसवलं आणि समजावलं. व्यवस्थित समजावलं, हा माझा धंदाच आहे.

म्हटलं, "बाळ, सुतक देवाला नसतं. आपल्याला असतं. आपण अशुद्ध असतो, म्हणून आपण देवाला शिवायचं नसतं. कळलं?"

ती बोटाने फरशी कोरू लागली.

"म्हणजे शिक्षा आपल्याला होती?"

"शिक्षा नव्हे ग. नियम."

"आमच्या संध्याबाई पण असंच म्हणतात. शिक्षा नाही, नियम आहे, बाहेर उभी राहा." मग म्हणाली, "आपल्याला बाहेर उभं केलं. म्हणजे चूक आपली होती."

मी म्हटलं, देवाच्या गोष्टी मोठं झाल्यावर कळतात. तिने मान डोलावली. कंपासपेटीतून बाळकृष्ण काढला, फ्रॉकला पुसला, जागेवर ठेवला आणि न सांगता नमस्कार केला. मला वाटलं, जिंकलो. तुझ्या आईला तसं बोलूनही दाखवलं. ती उठून मोरीची जाळी परत बसवायला गेली.

इराला खोकला झाला होता, आता बरा आहे. गणितात पंचवीसपैकी बावीस.

आबा

---

पंचवटी
मंगळवार, ९ मार्च १९९९

श्रेयस,

हे पत्र रागावर न जाता वाच. माझ्यासाठी काही मागत नाही.

गेले तीन आठवडे इरा गोड खात नाही. आधी वाटलं पोट बिघडलं असेल. मग ती गादी सोडून सतरंजीवर झोपायला लागली. 'उकडतं,' म्हणाली, फेब्रुवारीत कुणाला उकडतं? पूजेच्या वेळी ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभी राहते, आत ये म्हटलं तर येत नाही. परवा संध्याबाई घरी आल्या. म्हणाल्या, 'काका, वर्गात कुणाची वही हरवली, कुणाचा डबा सांडला तरी ही उठून उभी राहते आणि सांगते, माझ्यामुळे झालं असेल.'

तुझ्या आईने तिला मांडीवर घेतलं, केस विंचरता विंचरता काढून घेतलं. तृप्तीसाठी आपण एकवीस दिवसांचं अनुष्ठान केलं, अकरा ब्राह्मण बसले होते, सव्वा लाख मृत्युंजयाचा जप. इरालाही मी रोज एक माळ करायला सांगितली होती. घरातल्या लेकराने आईसाठी जप करावा, बरं वाटतं, म्हणून. तर शाळेच्या गॅदरिंगच्या आधी दोन दिवस तिला नाचाच्या तालमीला लवकर जायचं होतं. त्या दोन दिवशी तिने मंत्र म्हटला नाही. मणी नुसतेच ओढले.

एवढंच. दोन माळा.

आणि हे तिच्या मनात घातलं कुणी, ते ऐक. बाराव्या दिवशी भेटायला आलेल्यांत कुणीतरी विचारलं, 'गोविंदराव, तुमच्या घरी एवढं अनुष्ठान होऊनही असं कसं झालं?' मी म्हणालो, 'जपात कुठेतरी न्यून राहिलं असेल.' हे मी नेहमी म्हणतो. यजमानाचं काम झालं नाही की आम्ही सगळेच असं म्हणतो, त्यात विचार नसतो, सवय असते. इरा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती. आत जाऊन तिने आजीला विचारलं, न्यून म्हणजे काय? तुझ्या आईने सांगितलं, कमी. त्यात मी पुढे तिला सुतक समजावलं, शास्त्रशुद्ध. चूक आपली होती हे तिने माझ्याच तोंडून पक्कं करून घेतलं.

मी तिला म्हटलं, "अगं, दोन माळांनी काही बिघडत नाही."

"मग मला करायला का सांगितल्यास?"

"तुझी काही चूक नाही, बाळ."

"तू सगळ्यांना तसंच म्हणतोस. रावजींना पण म्हणालास."

माझ्या शब्दाला या घरात आता किंमत उरलेली नाही, आणि ती पोरगी हे मला उद्धटपणे सांगत नाही, समजूत घातल्यासारखं सांगते. ते जास्त लागतं. हे असंच चाललं तर श्रेयस, ती आयुष्यभर स्वतःला आईची मारेकरी समजेल. नऊ वर्षांची आहे. हे मी वाढवून लिहीत नाही.

तू तिला लिही. फोनवर ती 'हं, हं' करते. पण तुझं अक्षर तिला खरं वाटतं, तुझी जुनी पत्रं तिने पाटाखाली जपून ठेवली आहेत. तिची चूक नाही एवढं तिला पटेल असं लिही. कसं ते तू बघ.

डॉक्टर थांबा म्हणाले होते आणि अनुष्ठान मधेच मोडता येत नव्हतं, एवढं सगळं तिला सांगण्याची गरज नाही.

आबा

---

पंचवटी
सोमवार, २२ मार्च १९९९

श्रेयस,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. पाकिटावर फक्त इराचं नाव. मी ते फोडलं नाही. तिने वाचलं आणि मग मला दिलं, म्हणून वाचलं.

तू लिहिलंस: 'तुझी चूक नाही. आई आजारी होती तेव्हा मी तिथे असायला हवा होतो. मी असतो तर तिला वेळेवर मुंबईला नेलं असतं. चूक माझी आहे, बाबाची आहे. तू झोप, खा, खेळ.'

औषध लागू पडलं. यंदा आपल्याकडे गुढी नव्हती, पण शेजारच्यांनी श्रीखंडाची वाटी पाठवली ती तिने पुसून खाल्ली. सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. वर्गात आता उठून उभी राहत नाही. तुझी आई म्हणाली, सुटलो.

काल रविवार. दहाला तुझा फोन वाजला. तू बराच वेळ वाजू दिलास. इरा जागची हलली नाही, चित्रात रंग भरत राहिली. मी म्हटलं, बाबाचा असेल. ती म्हणाली, "मला माहितीये."

"मग घे की."

"नाही. बाबाशी मी कधीच बोलणार नाही."

मी विचारलं, कधीच म्हणजे किती दिवस? वाटलं, हसेल.

"कधीच म्हणजे कधीच. मी नाही ठरवलं. त्यानेच लिहिलंय ना, चूक माझी आहे म्हणून."

फोन वाजायचा थांबला. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात कणकेने भरलेले. तिने इराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मी चष्मा पुसायला घेतला.

आज एवढंच. मला बरं वाटत नाही.

आबा

---

पंचवटी
रविवार, ४ एप्रिल १९९९

श्रेयस,

मागच्या रविवारीही तिने तुझा फोन घेतला नाही. त्या दिवशी पानावर बसलो असताना तुझी आई म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?" बेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी या आवाजात बोललेली नाही. मी आठवडाभर चालढकल केली. काल सांगितलं. इराला आधी, आता तुला. तुलाच आधी कळायला हवं होतं हे खरं, पण मला तिच्यापुढे बसणं सोपं वाटलं, आणि ती माझी आणखी एक चूक.

डॉक्टर थांबा म्हणाले नव्हते.

२६ डिसेंबरला, शनिवारी, मी तृप्तीला दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, कावीळ लिव्हरवर गेली आहे, आजच्या आज मुंबईला हलवा. चिठ्ठी लिहून दिली. ती मी खिशात घातली. अनुष्ठानाचे नऊ दिवस उरले होते. रिक्षात तृप्तीने विचारलं, "आबा, काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "घाई नको म्हणाले. जप पूर्ण होऊ दे, मग बघू." ती म्हणाली, "बरं." तिचा माझ्यावर विश्वास होता. तिने माझं कधी काही मोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. 'रजा टाकून येऊ का?' तू विचारलंस. मी नको म्हणालो. आठव ते. तू विचारलं होतंस.

का केलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. अर्धवट सोडलेल्या अनुष्ठानाचा दोष लागतो, असं मी शेकडो घरांत सांगितलंय, आणि सांगून सांगून ते मलाच खरं वाटायला लागलं होतं, हे एक. पण एवढंच नाही. अकरा ब्राह्मण माझ्या बोलावण्यावरून बसले होते. सगळी गल्ली येऊन तीर्थ घेऊन जात होती. गोविंदरावांनी स्वतःच्या घरचा जप मोडून सून मुंबईला नेली, असं लोक म्हणाले असते. मला त्याची लाज वाटली. लिहिताना हे फार क्षुल्लक दिसतं. तेव्हा तसं वाटलं नाही.

४ जानेवारीला सांगता झाली. ५ तारखेला गाडी ठरवली होती. त्या पहाटे ती शुद्धीवर नव्हती. पुढचं तू पाहिलंस.

नऊ दिवस आधी नेली असती तर वाचली असती का? मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, 'आता ते नका विचारू.' त्यांना चिठ्ठी आठवत होती. तुझ्या आईला ती माझ्या सदऱ्याच्या खिशात, धुवायला टाकताना, सांगतेच्या दिवशी सापडली. त्या दिवसापासून ती गप्प आहे.

आणि हे सगळं माहीत असून मी पंगतीत तुझ्यावर उलटलो. तू ते खरं मानलंस, लेकीला तसं लिहूनही दिलंस. ते वाचून मी पंधरा दिवस गप्प राहिलो, कारण इरा जेवत होती आणि दोष तुझ्याकडे गेला होता. माझ्याकडे यायचा टळला होता. तुझी माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

काल दुपारी इराला ओट्यावर बसवून सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत, पण काही न लपवता. जपात काही कमी नव्हतं. तुझ्या दोन माळांनी काही झालं नाही. बाबा यायला तयार होता, मी येऊ दिलं नाही. डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले, मी नेलं नाही.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने विचारलं, "बाबाला माहितीये?"

"नाही."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मग ती समोर रस्त्यावरच्या गाईकडे बघू लागली.

"तुला देवाने सांगितलं होतं थांबायला?"

"नाही ग. देव काही बोलला नाही. मीच ठरवलं."

"मग देवाचं नाव का सांगितलंस?"

श्रेयस, या तीन महिन्यांत तिने मला पुष्कळ विचारलं. आई चांगली होती तरी तिलाच का, रावजींची मुलगी का, देवाला ऐकू येत नाही का. या सगळ्यांची उत्तरं मी देऊ शकतो. बरी-वाईट, पण देऊ शकतो; पोथ्या भरल्या आहेत. या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने 'बरं' म्हटलं, अगदी तृप्तीसारखं, आणि ती आत निघून गेली.

मी या महिन्यात कुठलंही काम घेतलेलं नाही. लोकांचे फोन येतात, तुझी आई सांगते, दुसरीकडे विचारा. पुढे काय करीन माहीत नाही. ते महत्त्वाचंही नाही. महत्त्वाचं एवढंच की तिची शाळा महिनाअखेरीस संपते. तिला चंद्रपूरला न्यायची असेल तर ने. इथे राहू दे म्हणून मी आड येणार नाही. ती तुझ्याशी बोलायला लागली की मग तिलाच विचार.

आज सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आत्ता आली. कुणाला पत्र, विचारलं. बाबाला, सगळं लिहिलंय, म्हणालो.

"चार दिवस लागतील पोचायला," ती म्हणाली. "आज दहाला त्याचा फोन येईल. आजच सांग."

मी म्हटलं, माझा आवाज ऐकला की तो ठेवून देईल.

"आधी मी घेते. ठेवू नको म्हणून सांगते. मग तुला देते."

दहाला सात मिनिटं आहेत. हे पत्र मी तरीही टाकणार आहे. बोलताना मी काही गाळलं, आणि गाळण्याची मला सवय आहे, तर लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

फोन आपल्याकडे भिंतीतल्या फळीवर आहे, उभ्यानेच बोलावं लागतं. इराने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणून त्याखाली ठेवलंय. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभी आहे. "आबा, चल," म्हणते, "बस इथे."

गोविंद